नानकटाईवरचा अंगठा

ताई, रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर महिला मंडळाच्या बैठकीत तुमच्याबद्दल चार शब्द बोला, असं पाळकीणबाईंनी मला सांगितलंय. "करुणाबाई, तुमच्याइतकं एस्तेरताईंना कोण ओळखतं?" असं म्हणाल्या. मी हो म्हणून मोकळी झाले. परवापासून कागद घेऊन बसतेय. 'एस्तेरताई प्रेमळ होत्या, पस्तीस वर्षं त्यांनी दवाखान्यात सिस्टर म्हणून रुग्णांची सेवा केली,' एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगं, नोकरीचा अर्ज लिवायलीस का काय?"

तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. नाताळ दोन आठवड्यांवर आलाय. घरोघर मैदा चाळणं सुरू झालंय आणि आपल्या घरात अजून साखरेची पुडीसुद्धा सुटली नाही. ह्यांनी काल हळूच विचारलं, "औंदा काहीच करायचं नाही का?" बहीण गेल्यापासून ते तसेही कमी बोलतात. मी खेकसलेच त्यांच्यावर. मग आत जाऊन रडले. ते रडणंसुद्धा धड तुमच्यासाठी नव्हतं. मला माझीच लाज वाटत होती.

तुमच्या धाकट्या भावाची बायको म्हणून मी सोलापुरात आले तेव्हा मला चहा सोडून काही येत नव्हतं. तुम्ही लग्न केलं नव्हतं, आपण एकाच घरात राहणार होतो, आणि मला वाटलं होतं, झालं, आता ही थोरली नणंद मला आयुष्यभर उभी-आडवी घेणार. तुम्ही केलंतही तसंच, पण फक्त डिसेंबरात. पहिल्याच वर्षी माझ्या हातात तुपाचा डबा दिलात, डोक्यावर मैद्याची पिशवी, आणि म्हणालात, "चल भट्टीवर. नानकटाई आली न्हाय तर ह्या घरात तुझा निभाव लागायचा न्हाय."

भट्टी म्हणजे आपल्या गल्लीच्या टोकाची चाचांची बेकरी. सकाळचे पाव निघाले की अकराच्या सुमाराला चाचा भट्टी घरगुती मालासाठी मोकळी करायचे. ज्यानं त्यानं आपला मैदा, तूप, साखर घरून आणायची, तिथल्या लांब टेबलावर मळायचं, पत्र्यावर मांडायचं, आणि चाचांनी भाजून द्यायचं. एका वेळी आत पाच-सहा घरांचे पत्रे असायचे, मग कुणाची नानकटाई कुठली ते कळणार कसं? म्हणून प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणी बाटलीचं बूच दाबायचं, कुणी काट्यानं रेघा ओढायचं, एक बाई तर कपाटाची किल्ली दाबायच्या. तुमची खूण तुमचा उजवा अंगठा. गोळा ठेवायचा, मधोमध अंगठा दाबायचा, आणि त्या खळग्यात एकच चारोळी. चाचा लांब फावड्यानं पत्रा बाहेर ओढता ओढता ओरडायचे, "हां, सिस्टरका अंगूठा आगया! ले लेव भई!" आणि भट्टीतल्या सगळ्या बायका हसायच्या.

मी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच भांडायला लागले. तुमचं म्हणणं वेलची, माझं म्हणणं जायफळ. तुम्ही म्हणायचात, "जायफळानं माणूस झोपतंय, सणाला पाहुण्यांनी जागं ऱ्हायला पायजे." मी चोरून अर्धं जायफळ किसून घातलं, तर तुम्ही तोंडात न घालता नुसत्या वासावर ओळखलंत आणि भर भट्टीत माझा कान धरलात. मी घरी ओव्हन आणला तेव्हा तर चार दिवस अबोला. "ह्या पेटीत बिस्किट भाजतंय का आजारी पडतंय?" पहिला घाणा खाली करपला आणि वर कच्चा राहिला. तुम्ही नुसत्या उठून पायात चपला घातल्यात आणि भट्टीच्या दिशेनं चालायला लागलात. मी मागून पिशव्या घेऊन. जायफळाचा वाद मात्र मिटलाच नाही. तो तसाच राहिला आपल्यात.

हे असं हसतखेळत लिहीत गेले तर रविवारी सगळ्या बायका डोळे पुसतील आणि मला चांगली म्हणतील. म्हणून इथं थांबते. आता जे लिहायचंय ते मी सात वर्षं, अगदी कालपर्यंत, कुणाला सांगितलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी तुमच्या बोटांवर पांढरे डाग आले. आधी अंगठ्याच्या नखाभोवती, मग चार बोटं, मग मनगटापर्यंत. तुम्हाला त्याचं काही वाटलं नव्हतं. तुम्ही सिस्टर. "कोड हाय, करुणा. दुखत न्हाय, खुपत न्हाय, कुणाला लागत न्हाय. देवानं म्हातारपणी रंग बदलला." असं म्हणून तुम्ही ताटात हात घातलात आणि जेवलात. मीही हसले. मला सगळं कळत होतं, ताई. मी बारावी शिकलेली आहे. कोड लागत नाही हे मला कळत होतं, हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढं मला पळवाट उरायला नको.

त्याच नाताळात माझ्या लेकीला, आपल्या नीताला, बघायला मिरजेचे पाहुणे येणार होते. स्थळ चांगलं, मुलगा शिकलेला. माझे पाय जमिनीवर नव्हते. आणि एक दिवस मैदा चाळता चाळता माझं लक्ष तुमच्या हातांवर गेलं. डोक्यात एकच. आत्याला कोड आहे म्हटल्यावर हे लोक मुलीच्या अंगावर डाग शोधतील. घराण्यातच आहे म्हणतील. नानकटाई खातील आणि विचारतील, कुणी केली? सणाला तर आपलं घर भरलेलं. तुम्ही ताट घेऊन दारोदार जाणार, भट्टीवर सगळ्यांसमोर अंगठा दाबत बसणार. मला ते नको झालं.

सरळ सांगायचं तर मी तुम्हाला म्हणायला हवं होतं, ताई, मला भीती वाटते. तुम्ही समजून घेतलं असतंत. कदाचित कान धरला असतात, पण समजून घेतलं असतंत. मी काय म्हणाले?

"ताई, औंदा तुम्ही पिठाला हात लावू नका."

"का गं?"

"लोक बोलायलेत."

"कोन लोक?"

"मंडळातल्या बायका. म्हणतात, ताईंच्या हातचं नको."

तुम्ही चाळणी खाली ठेवलीत. "कोन म्हणलं? नाव सांग की."

आणि माझ्या तोंडातून निघालं, "शालिनीबाई."

शालिनीबाई पाच मिनिटांपूर्वीच आपल्याकडून मोठी परात मागून घेऊन गेल्या होत्या, म्हणून त्यांचं नाव जिभेवर होतं. एवढंच कारण, ताई. तुम्ही दोघी नर्सिंगच्या शाळेपासूनच्या मैत्रिणी, एका खोलीत राहिलेल्या, एका ताटात जेवलेल्या, आणि मी परातीवरून तुमची चाळीस वर्षांची मैत्री मोडली. शालिनीबाई एक शब्द बोलल्या नव्हत्या. मंडळातलं कुणीच बोललं नव्हतं. त्या सगळ्या बायकांच्या नावानं बोलत होते ती मी एकटी.

तुम्ही बराच वेळ हातांकडं बघत बसलात. मग विचारलंत, "हातमोजं घालू का? दवाखान्यातलं नवं पाकीट हाय माज्याकडं."

मला आजही तो आवाज ऐकू येतो. तुम्ही माझ्याकडं परवानगी मागत होतात. जिनं मला मैदा कसा धरायचा ते शिकवलं, ती मला विचारत होती. आणि मी म्हणाले, "असू द्या ताई. मोजे घातले तर आणखीच नजरेत येईल."

त्यानंतर तुम्ही भट्टीवर यायचात, पण टेबलाशी नाही. चाचांच्या लोखंडी खुर्चीत पदराखाली हात घेऊन बसायचात आणि तिथून मला सांगायचात. "तूप अजून फेस. तळहातानं फेस, बोटानं नगं. पांढरं झालं का? आता एवढीशी गोळी पाण्यात टाक. तरंगली? मग घाल मैदा." हात न लावता नुसतं बघून तुम्हाला पीठ कळायचं. एकदा माझा गोळा तडकला तेव्हा तुमचा हात आपोआप पुढं आला आणि तुम्हीच तो मागं घेतलात. मी पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं.

अंगठ्याच्या जागी मी पेनाचं टोपण दाबायला लागले. पहिल्याच वर्षी चाचांनी पत्रा ओढला आणि थांबले. "ये किसका माल है? सिस्टरका अंगूठा किदर गया?" तुम्ही खुर्चीत खाली मान घालून बसलात. मी हसत म्हणाले, "चाचा, नवा जमाना, नवी खूण!" सगळ्या हसल्या. एवढं निर्लज्जपण मला कुठून सुचलं कोण जाणे.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतःच म्हणालात, "मी दोन दिवस श्रीपूरला मावसबहिणीकडं जाऊन येते गं, लई दिवस झालं गेले न्हाय." मी तुम्हाला एका शब्दानं थांबवलं नाही. उलट उत्साहानं डबा भरून दिला, चिवडा, करंज्या, आणि वर तुमच्याच पद्धतीची, माझ्या हातची नानकटाई. नीताचं लग्न ठरलं. तिच्या सासूबाईंना नानकटाई इतकी आवडली की त्यांनी आहेरातसुद्धा तीच मागितली. "करुणाबाईंच्या हाताला काय चव आहे!" असं सगळे म्हणाले. लग्नात तुम्ही लांब बाह्यांचा ब्लाउज घालून मागच्या बाकावर बसलात. मंडळात जाणं तुम्ही त्याआधीच सोडलं होतं. शालिनीबाई दोनदा घरी आल्या, तेव्हा तुम्ही डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत पडून राहिलात. तिसऱ्यांदा त्या आल्या नाहीत. मी मनात म्हटलं, सुटले.

आता तुमच्या अंत्यविधीचं सांगते. पेटी अंगणात ठेवली होती. बायका एकेक करून येत होत्या, फुलं ठेवत होत्या. शालिनीबाई काठी टेकत आल्या. त्यांनी फूल ठेवलं नाही. तुमचा उजवा हात धरला, तो पांढरा झालेला हात, दोन्ही हातांत घेतला आणि त्याचा मुका घेतला. मग गालाला लावून उभ्या राहिल्या. कुणीतरी मागून मला विचारलं, "करुणाबाई, एस्तेरताईंनी मंडळ एकाएकी का हो सोडलं? आमचं काही चुकलं का?" आणि मी, ताई, तुमच्या पेटीशी उभी राहून म्हणाले, "त्यांचा स्वभावच शेवटी शेवटी तसा झाला होता."

शालिनीबाईंनी माझ्याकडं बघितलं.

ती नजर मला झोपू देईना. शेवटी काल दुपारी उठले आणि त्यांच्याकडं गेले. त्या ओट्याशी स्टूल घेऊन करंज्या भरत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, नीताचं स्थळ, चाळणी, परात, त्यांचं नाव घेतलं ते. मला वाटलं, लाटणं फेकून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी करंजीची कड दाबली, कातण फिरवलं, ताटात ठेवली. म्हणाल्या, "मला म्हाईत हाय."

मला काही कळेना.

"तीन वर्सं झाली. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तवा एस्तेर बघायला आली दवाखान्यात. दारातच उभी. म्हणली, शालिनी, एकच इचारते. तू माझ्या हातचं खायाला नगं म्हणलीस का? मी म्हणले, येडी का काय तू? चाळीस वर्सं तुझ्या ताटातलं उचलून खाल्लं मी. मग ती खाली बसली आणि लई रडली. आणि मग तिला कळलं, कुणाचं बोलणं हाय ते."

मी विचारलं, "मग त्या मंडळात परत का आल्या नाहीत?"

"मी पण तेच इचारलं. तर म्हणली, परत आले तर बायका खोदून इचारणार, का सोडलं होतंस? मला खोटं बोलाया यायचं न्हाय, आणि करुणाचं नाव निघंल. माझ्या भावाचं घर हाय ते, शालिनी. पोरगी आत्ता कुटं सासरी रुळलीय. ऱ्हाऊ दे." शालिनीबाईंनी पुढची पुरी घेतली. "आम्ही भेटायचो की दर गुरुवारी. नव्या पेठेत लोकर आणायला जाते म्हणून सांगायची न्हवं का तुला? लोकर कशाची! माझ्याकडं येऊन बसायची. हितं, ह्याच ओट्याशी. करंज्या भरायची माझ्यासंगं."

दर गुरुवारी. आणि मी घरात कुरकुरायची, ह्या म्हातारपणी एवढी लोकर काय करतात ह्या.

"मला तिनं शपथ घातली होती, तुला कळू द्यायचं न्हाय म्हणून," शालिनीबाई म्हणाल्या. "पण त्या दिशी तू पेटीशी उभी ऱ्हाऊन तिच्या स्वभावाला नाव ठेवलंस. मग मी ठरवलं, आता आलीस तर सांगायचं. न्हाय आलीस तर न्हाय सांगायचं."

मी त्यांच्या पायाशी बसले. त्यांनी मला उठवलं नाही आणि ढकललंही नाही. करंजीची कड दाबत म्हणाल्या, "माझी माफी मागू नगं. मला तर माझी मैत्रीण परत मिळाली होती. तू मंडळातल्या बायकांची माग. सात वर्सं त्या बिचाऱ्या इचार करायल्यात, आपलं काय चुकलं."

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं. तर ते म्हणाले, "आता कशाला उकरतेस? गेली ती. नीताच्या सासूबाईही येणार आहेत रविवारी." मला माहीत आहे त्या येणार आहेत. मीच बोलावलंय त्यांना. त्यांच्यासमोर बोलायचंय. ज्या कोडाला भिऊन मी हे केलं ते कुणाच्या हातावर होतं, त्यांनी आहेरात मागून घेतलेली नानकटाई मुळात कुणाची होती, आणि तिला पिठापासून कुणी दूर ठेवलं, हे त्यांनी माझ्या तोंडून ऐकावं. नीतालाही कळू दे. ती चिडेल, कदाचित रडेल, तिची आत्या होतात तुम्ही. मला ते सोसावं लागेल. मी चार शब्दांचा तो कागद फाडून टाकलाय. रविवारी हेच वाचणार आहे, तुमच्याशी बोलतेय असंच, त्या सगळ्यांच्या समोर.

एकच गोष्ट राहिली. ती शालिनीबाईंकडून परत येताना रिक्षात मला आठवली आणि मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं.

सुरुवातीची चार वर्षं भट्टीवर गेलो की तुम्ही न सांगता खुर्चीत जाऊन बसायचात. पण गेली तीन वर्षं तसं नव्हतं. गेली तीन वर्षं तुम्ही आधी टेबलाशी येऊन उभ्या राहायचात. पदर खोचलेला, बांगड्या वर सारलेल्या, हात धुतलेले, ओले. आणि माझ्या तोंडाकडं बघून विचारायचात, "करुणा, औंदा मी काय करू?"

मला वाटायचं, ताईंना आता विसर पडायला लागलाय. वय झालं, दर वर्षी सांगावं लागतंय. मी कीव करत होते तुमची.

तुम्हाला सगळं माहीत होतं. तुम्ही मला विचारत होतात. भांडण न काढता, नाव न घेता, हात धुऊन माझ्यासमोर उभ्या राहत होतात, आणि मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, या ताई, अंगठा दाबा.

आणि मी तिन्ही वर्षं म्हणाले, "तुम्ही बसा."